बाजार बंद होता तेव्हा एडका आम्ही निवडला

 आपल्या चंदगडच्या कर्यात भागातून, कोवाडजवळच्या एका गावातून आम्ही बोलतोय. आमचा बचत गट अकरा जणींचा. त्यातल्या सात जणींच्या दारात मेंढरं आहेत, सगळी मिळून साठ-एक. ऊस, भात आणि काजूच्या तालुक्यात मेंढरांचं काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण मुलाची फी भरायची असते, सासऱ्यांना बेळगावला दवाखान्यात न्यायचं असतं, तेव्हा उभा ऊस विकता येत नाही. कोकरू विकता येतं. ज्यांच्या दारात शेळ्या आहेत त्या मैत्रिणींनीही ऐका. जे एडक्याचं तेच बोकडाचं.

जाणती माणसं म्हणतात, एडका म्हणजे अर्धा कळप. वीस-पंचवीस मेंढ्यांना एक एडका लागतो. प्रत्येक कोकराचं निम्मं रक्त त्याचंच असतं. मेंढी वाईट निघाली तर एखाद-दुसरं कोकरू वाया जातं. एडका वाईट निघाला तर सगळं वर्ष जातं. आमचं एक वर्ष असंच गेलं. ते कसं गेलं आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते आज सांगतो.

तोवर एडका आणणं हे पुरुषांचं काम होतं. घरातले किंवा भावकीतले दोघं-तिघं पेठ वडगावच्या नाहीतर आणखी कुठल्या जनावरांच्या बाजाराला जायचे. तिथं हेडी असतो, दलाल असतो, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. आम्ही बायका घरी. संध्याकाळी दावणीला नवं जनावर दिसलं की त्याला पाणी दाखवायचं आणि किंमत विचारायची, एवढाच आपला वाटा. पण बाजारात नुसता भाव ठरत नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात आलेलं नव्हतं. तिथं माणूस जनावराचं तोंड उघडून दात बघतो, पाठीवर हात फिरवतो, मागून चालवून बघतो, शेपटीखाली हात घालून तपासतो. शेजारचा अनोळखी माणूसही सांगून जातो, "अरं, ह्यो गेल्या बाजारातबी आलता, परत का आणलाय इचार." एवढे डोळे तिथं फुकटात मिळतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आठवडी बाजार बंद झाले. आमच्याकडे मेंढ्या मुख्यतः पहिल्या पावसानंतर, जून-जुलैत फळतात आणि साधारण पाच महिन्यांनी, दिवाळीच्या सुमाराला व्यायला लागतात. तेव्हा चारा हिरवा असतो, पाऊस सरलेला असतो, कोकरं जगतात. म्हणून एडका जूनच्या आत हवा. आमच्या गटातला जुना एडका तीन वर्षांचा झाला होता आणि कळपातल्या निम्म्या तरण्या मेंढ्या त्याच्याच लेकी होत्या. बाप-लेकीचा संबंध आला की कोकरं बारकी होतात, अशक्त होतात, काही मरतात. ते आम्ही आदल्या वर्षी बघितलं होतं. तिघींच्या मिळून तेवीस मेंढ्या होत्या, त्यांना नवा एडका हवाच होता. आणि बाजार बंद.

मग मोबाइल निघाला. कुणाच्या तरी भाच्याच्या व्हॉट्सॲपवर एका व्यापाऱ्याचे फोटो आले. एडका दिसायला देखणा. उंच, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, काळेभोर डोळे. व्हिडिओही आला. चार दाती आहे, खात्रीचा आहे, बावीस हजार, आधी सगळे पैसे टाका, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. गटाची बैठक घेतली. आम्ही, गट चालवणाऱ्यांनीच सांगितलं की टाकूया, हंगाम जाईल. अंतर्गत कर्ज काढलं, तिघींच्या नावावर सारखं वाटलं आणि पैसे टाकले. छोटा हत्ती रात्री दहाला आला. जनावर उतरवलं, भाडं दिलं, गाडी गेली.

सकाळी उजेडात दात बघितले. चार दाती नव्हता. तोंड जुळलेलं, दात झिजायला लागलेले. तरी आम्ही म्हटलं, वय थोडं जास्त असेल, काम तर करेल. त्याला मेंढ्यांत सोडला. सतरा दिवसांनी त्याच मेंढ्या पुन्हा माजावर आल्या. आणखी सतरा दिवसांनी परत. तेव्हा गटातल्या एक काकी उठल्या, त्यांनी एडक्याला भिंतीशी दाबून धरला आणि शेपटीखाली हात घालून बघितलं. एक वृषण नीट, दुसरं लहान आणि दगडासारखं टणक. पशुवैद्यकांना दाखवलं. ते म्हणाले, जुना आजार असावा, याच्यावर भरवसा ठेवू नका. व्यापाऱ्याला फोन केला, तर दिलेला माल परत घेत नाही म्हणाला. पुढं त्यानं फोनच उचलला नाही.

तो एडका शेवटी खाटकाला नऊ हजाराला दिला. तेरा हजार तिथं बुडाले, पण खरा तोटा वेगळाच होता. तेवीसपैकी नऊ मेंढ्यांना उशिरा, नाइलाजानं, पुन्हा जुनाच एडका लावला. उरलेल्या चौदा त्या वर्षी रिकाम्या राहिल्या. वीस कोकरं धरली आणि कोकराला चार हजार धरले, तरी ऐंशी हजारांचं उत्पन्न होतं, ते आलं नाही. ज्या काकींनी एडका तपासला त्यांची मुलगी त्या वर्षी डिप्लोमाला होती. काकींनी फीसाठी दोन चांगल्या मेंढ्या विकल्या.

त्यानंतरची बैठक आम्ही विसरणार नाही. कुणी ओरडलं नाही. काकी एवढंच म्हणाल्या, "फोटो बघताना माझ्या मनात आलतं, मागनं दाखवा म्हणावं. पर फोनवर गडीमाणूस, शेजारी दीर बसलेला. लाज वाटली." मग एकेक जण बोलायला लागली. सगळ्यांच्याच मनात ते आलं होतं. कुणीच बोललं नव्हतं. बाजारात पुरुष हातानं जे तपासून घेतात, ते आम्ही तोंडानं विचारलंसुद्धा नाही. त्या लाजेची किंमत आम्ही गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवली आहे, रकमेसकट.

त्याच जुलैत राज्य शासनानं बकरी ईदसाठी सूचना काढल्या. जनावरांचे बाजार बंद राहतील, खरेदी ऑनलाइन किंवा फोनवरून करावी. म्हणजे जिथं आम्ही फसलो त्याच वाटेनं आता सगळ्यांनाच जायचं होतं. ईदसाठी घेतात ते जनावर एका दिवसासाठी असतं. पैदाशीचा एडका दोन वर्षांसाठी असतो आणि त्याची कोकरं त्याच्याही पुढं. तेव्हा फोनवर घ्यायचं असेल तर घ्यायची रीत ठरवली पाहिजे, हे आम्हाला पटलं.

दुसरा एडका आम्ही २०२१ च्या फेब्रुवारीत घेतला. सुगी झाली की आपल्या रानात दरवर्षी मेंढरं बसवतात, ते तुम्ही बघता. धनगरांची पालं पडतात, रात्री मेंढरं वावरात बसतात, जमिनीला खत मिळतं. असंच एक कुटुंब चिकोडीकडून दरवर्षी आमच्या शिवारात येतं. इतकी वर्षं आम्ही त्यांना धान्य आणि पैसे देत आलो, पण त्यांच्या मेंढरांकडं कधी निवडायच्या नजरेनं बघितलं नव्हतं. त्या वर्षी आम्ही पाचजणी त्यांच्या पालावर जाऊन बसलो. एडका मागितला तर मामा नाही म्हणाले. मामी मात्र म्हणाल्या, "बसा, दावते."

आणि त्यांनी एक तरणा एडका धरून आणला. त्याची आई कुठली ते बोटानं दाखवलं. ती दोन वेळा जुळी व्याली, दोन्ही वेळा दोन्ही कोकरं जगली. त्या आईची आई अमक्या दुष्काळातून वाचलेली, अजून कळपात आहे, ती बघा तिकडं, कान फाटलेली. बाप त्यांच्या भावाच्या कळपातला. दीडशे मेंढरांत प्रत्येकाची आई-आजी त्या बाईला पाठ होती. लिहिता येत नव्हतं, पण वंशावळ तोंडपाठ होती. आम्ही तिथंच वही उघडली आणि त्या सांगत गेल्या तसं लिहून घेतलं. मामी हसल्या. म्हणाल्या, "आजवर कुणी लिवून घेतलं न्हाई."

आम्ही दात बघितले, दोन दाती. पाय बघितले, खूर बघितले. आणि मागून तपासलं, स्वतःच्या हातानं. दोन्ही वृषणं सारखी, घट्ट पण टणक नाहीत, गाठ नाही. किंमत अठरा हजार ठरली. पाच हजार विसार दिला, बाकीचे तीन आठवड्यांनी. तेव्हा कर्नाटकात जायला आरटीपीसीआरचा दाखला मागत होते, शिनोळीला नाक्यावर तपासणी होती. मामा म्हणाले, आम्ही पलीकडं गेलो तर पैसे कसे मिळणार? म्हणून त्यांच्या मुलाच्या खात्यावर टाकायचं ठरलं आणि ठरल्या दिवशी टाकले. समोरच्यानं विश्वास ठेवला तर आपणही वेळ पाळायची.

त्या हिवाळ्याआधी तेवीसपैकी एकवीस मेंढ्या व्याल्या. तीन घरी जुळी झाली.

आता आमची रीत सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

पहिलं, फोनवर जनावर बघायचं असेल तर फोटोवर जायचं नाही. व्हिडिओ कॉल लावायचा, दिवसा, उजेडात. आधी कानातला बिल्ला दाखवायला सांगायचा आणि त्यावरचा बारा आकडी नंबर लिहून घ्यायचा. जनावर घरी उतरलं की तोच नंबर आहे ना ते गाडी जायच्या आत बघायचं. आता तर १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारातली खरेदी-विक्री आपल्या राज्यात बंद केली आहे. तेव्हा बिल्ला नाही म्हणणाऱ्याशी पुढं बोलायचंच नाही.

दुसरं, तोंड उघडून दात दाखवायला सांगायचे. पुढून, बाजूनं, मागून चालवायला सांगायचं. आणि मागून वर उचलून दोन्ही वृषणं दाखवा, हे स्पष्ट म्हणायचं. जीभ अडखळत असेल तर आधी बैठकीत एकमेकींसमोर म्हणून बघा. आम्ही तसंच केलं. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या, आता कुणी हसत नाही.

तिसरं, आई बघायची. एडका नटवता येतो, धुता येतो, चार दिवस पेंड घालून फुगवता येतो. त्याची आई, बहिणी, आधीची कोकरं अशी फुगवता येत नाहीत. शक्य असेल तर आपल्यातल्या दोघींनी जाऊन यायचं. एसटीचं भाडं गटानं द्यायचं. बावीस हजारांपुढं ते काहीच नाही.

चौथं, भाव. बाजार बंद असला की भाव कळत नाही आणि त्याचाच फायदा घेतात. आम्ही तीन ठिकाणी फोन करतो. पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, सांगली जिल्ह्यात रांजणीला आहे. तिथं पैदाशीची जनावरं वजनावर मिळतात. तो दर विचारला की निदान खालची पायरी समजते. मग जनावर काट्यावर घालायचं. पोतं मोजायचा काटा कुणाकडं ना कुणाकडं असतोच.

पाचवं, सगळे पैसे आधी द्यायचे नाहीत. विसार द्यायचा आणि एका कागदावर बिल्ल्याचा नंबर, वय, वजन, किंमत, विसार लिहायचं. खाली एक ओळ टाकायची, मेंढ्या दोन वेळा उलटल्या तर जनावर परत. दोघांच्या सह्या किंवा अंगठे आणि एक साक्षीदार. ज्याचं जनावर चांगलं आहे तो या ओळीवर सही करतो. जो करत नाही, त्यानं उत्तर दिलेलंच आहे.

सहावं, आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस कधी दिली ते विचारायचं, दिली नसेल तर आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून द्यायची. गावातली पशुसखी यात मदत करते.

आणि सातवं, आमच्या काकींचं आवडतं. एडक्याच्या छातीला काव आणि तेल कालवून लावायचं. तो ज्या मेंढीवर जाईल तिच्या पाठीवर लाल ठसा उमटतो, ती तारीख लिहायची. सतरा दिवसांनी रंग बदलायचा, निळा लावायचा. लाल ठशाच्या मेंढ्यांवर निळे ठसे भराभर दिसायला लागले, तर एडक्यात खोट आहे. दोन महिने वाट बघायला लागत नाही. २०२० साली आम्हाला एवढं ठाऊक असतं तर जूनच्या अखेरीसच कळलं असतं.

देखण्या जनावराबद्दल दोन शब्द. डिसेंबर २०२० मध्ये सांगोला तालुक्यातल्या एका माडग्याळ एडक्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकानं तो दिला नाही, ही बातमी तुम्हीही ऐकली असेल. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव, तिथलं हे उंच, बाकदार नाकाचं मेंढरू. आम्हालाही त्याच नाकाची भुरळ पडली होती. पण जतचं रान कोरडं आणि चंदगडचा पाऊस कसा ते सांगायला नको. इथं ज्याचे खूर चिखलात टिकतात ते जनावर आपलं. नाकापेक्षा पाय बघा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकडं स्कॉटलंडमध्ये, लॅनार्क नावाच्या गावी, टेक्सेल जातीचा एक तरुण एडका ३,६७,५०० पौंडांना गेला, म्हणजे साडेतीन कोटी रुपयांच्या वर. तिथंही साथ होतीच, निर्बंध होतेच. तिथली माणसं एवढा पैसा कसा लावतात? देखणेपण तिथंही बघतात, पण शिवाय जनावराच्या आई-बापाची, आजी-आजोबाची नोंद कागदावर असते. आपल्याकडंही फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या बुटक्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला. त्या मेंढीला नारी सुवर्णा म्हणतात. एडका तर कधी वीत नाही, मग जुळ्यांचा गुण त्याच्या तोंडावर कसा दिसणार? तो रक्ताच्या तपासणीत कळतो आणि नोंदीत कळतो. आणि नोंद ठेवणं हे तर बचत गटाच्या बाईचं रोजचं काम. शंभर रुपयांची बचत आपण पाच ठिकाणी लिहितो, मग कोकराचा बाप का नाही लिहायचा?

आमची वही साधी आहे. कोकराचा नंबर, जन्मतारीख, आई, बाप, एकटं की जुळं, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन, लस, आजार. एवढे रकाने. दर दोन वर्षांनी एडका बदलतो, म्हणजे बापापुढं लेक येत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात लम्पी आला. तो आजार गाई-म्हशींचा, मेंढरांचा नाही. पण जनावरांचे बाजार थांबले, हेडी यायचे बंद झाले, तशी आमच्याकडची मेंढरांची उलाढालही थंडावली. या वेळी आम्ही विकणारे होतो. आमच्या कोकरांतले तीन एडके पैदाशीला द्यायच्या वयाचे झाले होते. आम्ही वहीच्या पानाचा फोटो, व्हिडिओ आणि वजन पाठवलं. कुणी न मागता मागून दाखवलं. दोन आजऱ्याकडं गेले, एक शेजारच्या गावी. एकाच्या पुढच्या खुराला पावसात जखम झाली होती, ती बरी झाली होती, तरी आम्ही सांगितली आणि हजार रुपये कमी घेतले. गटात वाद झाला. एकजण म्हणाली, "बरी झालेली जखम कशाला सांगायची?" तेव्हा कुणीतरी इतिवृत्ताची जुनी वही आणून मध्ये ठेवली. वाद तिथं थांबला.

बाजार नकोच, असं आम्ही म्हणत नाही. बाजारात चार गिऱ्हाइकं एका जनावरावर येतात तेव्हा जो भाव चढतो, तो फोनवर चढत नाही. आम्हाला वाटतं, त्या तिन्ही एडक्यांना बाजारात हजार-दीड हजार जास्त मिळाले असते. गरिबाला बाजार हवाच. फक्त आता बाजार भरला तरी आमच्यातल्या दोघी सोबत जातात, वही घेऊन.

गेल्या वर्षी एक माणूस एडका परत घेऊन आला. मेंढ्या उलटल्या म्हणाला. आमच्या कागदावर ओळ होती, आम्ही पैसे परत दिले. मग तो एडका आमच्याच मेंढ्यांत काव लावून सोडला, तर त्यानं नीट काम केलं. दोष त्याच्या मेंढ्यांच्या खाण्यात असावा. पैसे परत देताना पोटात कालवलं, खरं सांगतो. पण पुढच्या महिन्यात त्याच माणसानं त्याच्या मेव्हण्याला आमच्याकडं पाठवलं.

काकींची मुलगी आता कोल्हापूरला नोकरी करते. काकींनी विकलेल्या दोन मेंढ्यांच्या जागी आज त्यांच्या दावणीला पाच आहेत, सगळ्या मामींच्या त्या एडक्याच्या लेकी. दर सुगीला मामी आल्या की वही मागतात आणि वाचून दाखवायला लावतात. कुठं चुकलं असेल तर सांगतात.

तुमच्या गटात मेंढ्या-शेळ्या असतील तर या महिन्याच्या बैठकीत एक वही काढा. पहिल्या पानावर आपल्या एडक्याचं किंवा बोकडाचं लिहा, तो कुठून आला, त्याची आई कोण. लिहिता आलं नाही, तर विचारायला कुणाकडं जायचं ते ठरवा.